प्रथिनातला बिनघडीचा पट्टा कसा शोधायचा? नाशिकच्या प्रकल्प-विद्यार्थ्यांसाठी पायरीपायरीने

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला किंवा एम.एस्सी.ला प्रकल्प घेताना बहुतेक विद्यार्थी एखादं एन्झाइम निवडतात, त्याचं त्रिमितीय चित्र उतरवून घेतात आणि ॲक्टिव्ह साइटला रंग देतात. चित्राच्या कडेला एक लांब, कुठेच न बसणारी शेपूट लोंबत असते. अहवालात चित्र नीटनेटकं दिसावं म्हणून ती कापली जाते. अनेकदा पेशीतले महत्त्वाचे निर्णय त्याच शेपटीत होतात, म्हणून ती कापण्याआधी तपासायला हवी. लॅपटॉप, इंटरनेट आणि कॉलेजची साधी जीवरसायन प्रयोगशाळा एवढ्यावर हे काम नाशिकमध्ये बसून बऱ्यापैकी पुढे नेता येतं.

काही प्रथिनांना, किंवा प्रथिनांच्या काही भागांना, ठरलेली एक घडी नसते. अमिनो आम्लांची साखळी पाण्यात सतत आकार बदलत राहते आणि तरीही काम करते. याला इंट्रिन्सिकली डिसऑर्डर्ड रीजन, थोडक्यात आयडीआर म्हणतात. उकडलेल्या अंड्यातलं प्रथिन आणि हा पट्टा यांत गल्लत करू नका. अंड्यातल्या प्रथिनाला घडी होती, ती उष्णतेने मोडली. आयडीआरला पेशीतल्या नेहमीच्या स्थितीतच घडी नसते, तसा त्याचा क्रमच आहे. १९९९ मध्ये राइट आणि डायसन यांनी ‘रचना असेल तरच कार्य’ या समजुतीचा फेरविचार मांडला आणि तेव्हापासून हा विषय पाठ्यपुस्तकाच्या तळटिपेतून वर आला. २००४ सालच्या एका जनुकसंच-व्यापी अंदाजानुसार तीसहून अधिक अमिनो आम्लांचा असा सलग पट्टा दृश्यकेंद्रकी सजीवांच्या सुमारे ३३ टक्के प्रथिनांत सापडतो, जिवाणूंच्या मात्र फक्त ४ टक्क्यांच्या आसपास. हा फरक लक्षात ठेवा. जिवाणूचं प्रथिन घेऊन आयडीआर शोधायला बसलात तर बहुधा हात रिकामे राहतील.

आधी प्रथिन निवडा

पहिल्यांदा करणाऱ्याने तीनपैकी एक घ्यावं.

पी५३ (पेशीला कर्करोगापासून राखणारं प्रथिन) हे सगळ्यात सोपं, कारण त्याबद्दल सगळं तपासून पाहता येतं. ३९३ अमिनो आम्लं, युनिप्रॉट या प्रथिनांच्या डेटाबेसमध्ये क्रमांक पी०४६३७. मधला डीएनएला चिकटणारा गाभा पक्क्या घडीचा, पुढचं टोक आणि मागची शेपूट बिनघडीची. एकाच साखळीत दोन्ही प्रकार असल्याने तुलना आपोआप होते.

दुसरं, दुधातलं बीटा-केसीन, गाईचं, क्रमांक पी०२६६६. प्रयोगशाळेत हात घालायचा असेल तर याला पर्याय नाही, कारण कच्चा माल रोज सकाळी पिशवीतून येतो.

तिसरं द्राक्षवेलीचं डीहायड्रिन. निफाड-दिंडोरी पट्ट्यातल्या विद्यार्थ्याला हे जवळचं वाटेल. पाण्याचा ताण आणि थंडी पडली की वेल ही प्रथिनं वाढवते. जवळजवळ पूर्ण साखळी बिनघडीची आणि पाणीप्रिय. त्यात पंधरा अमिनो आम्लांचा एक ओळखीचा तुकडा येतो, के-सेगमेंट. हा तुकडा पाण्यात मोकळा असतो, पेशीपटलाला टेकला की हेलिक्स (मळसूत्री घडी) होतो. द्राक्षाचा जनुकसंच २००७ मध्ये वाचला गेला आहे, त्यामुळे क्रम मिळायला अडचण नाही.

एन्झाइमच घ्यायचं असा मार्गदर्शकांचा आग्रह असेल तर एखादं कायनेज (दुसऱ्या रेणूवर फॉस्फेट बसवणारं एन्झाइम) घ्या आणि त्याची टोकं तपासा.

क्रम उतरवा आणि मोजा

युनिप्रॉटमधून फास्टा क्रम घ्या. इथे पहिली चूक होते. बीटा-केसीनच्या नोंदीत २२४ अमिनो आम्लं दिसतात, पण पहिली १५ सिग्नल पेप्टाइडची असतात आणि ती पेशीतच कापली जातात. दुधातलं प्रथिन २०९ अमिनो आम्लांचं. जुने शोधनिबंध २०९चा क्रमांक वापरतात, डेटाबेस २२४चा. कुठला वापरताय ते पहिल्याच पानावर लिहा, नाहीतर पुढचे सगळे पट्टे पंधराने सरकतील.

आता अक्षरं मोजा. ट्रिप्टोफॅन, सिस्टीन, फेनिलॲलनीन, आयसोल्युसीन, टायरोसीन, व्हॅलीन, ल्युसीन ही घडी घालायला मदत करणारी. प्रोलीन, ग्लुटामिक आम्ल, सेरीन, लायसीन, ग्लुटामीन, ग्लायसीन, आर्जिनीन, ॲलनीन ही मोकळं ठेवणारी. बीटा-केसीनच्या २०९ पैकी ३५ प्रोलीन आहेत. एवढं प्रोलीन असलेली साखळी सलग हेलिक्स किंवा शीट (शेजारी धाग्यांची चपटी घडी) करूच शकत नाही, हे संगणकाला विचारण्याआधीच कळतं.

मोजणीनंतर उव्हर्स्की यांचा २०००चा भार-जलविरोध आलेख करा (जलविरोध म्हणजे पाणी टाळण्याचा कल). हे गणित वहीत होतं, आणि ते एकदा हाताने केलंच पाहिजे असं आमचं ठाम मत आहे. एक्सपासीच्या प्रोटपॅरॅम पानावर क्रम टाकला की ‘ग्रॅव्ही’ नावाचा आकडा मिळतो. तो काइट-डूलिटल मापावरचा सरासरी जलविरोध असतो. त्यात ४.५ मिळवून ९ ने भागा, म्हणजे तो शून्य ते एकच्या मापात येतो. मग निव्वळ भार काढा: लायसीन आणि आर्जिनीनची संख्या वजा ॲस्पार्टिक आणि ग्लुटामिक आम्लांची संख्या. चिन्ह सोडून द्या आणि एकूण लांबीने भागा. सीमारेषा अशी: सरासरी भारात १.१५१ मिळवा, बेरजेला २.७८५ ने भागा. प्रथिनाचा जलविरोध या आकड्यापेक्षा कमी आला तर ते बिनघडीच्या बाजूला.

पी५३च्या पहिल्या ६० अमिनो आम्लांवर करून पाहा. ऋणभारी १४, धनभारी फक्त १, म्हणजे निव्वळ भार १३; भागिले ६० केले की ०.२१७. ग्रॅव्ही उणे ०.७१ येतो, मापात बसवल्यावर ०.४२. सीमारेषा ०.४९. तुकडा रेषेखाली आहे, म्हणजे बिनघडीचा. कारणही आकड्यांतच दिसतं. एकसारख्या भाराचे गट एकमेकांना ढकलतात, आणि आत दडून बसावं असे जलविरोधी गट पुरेसे नाहीत. मग साखळी गोळा कशाच्या जोरावर होणार?

हे गणित पूर्ण प्रथिनावर करू नका. पूर्ण पी५३ घातलं तर गाभ्याचे आकडे टोकांचे आकडे झाकून टाकतात. तुकडे पाडा, प्रत्येक तुकडा निदान ५० अमिनो आम्लांचा ठेवा.

भाकीत करणारी साधनं

आययूप्रेड३ या क्रमावरून बिनघडीपणाचं भाकीत करणाऱ्या साधनापासून सुरुवात करा. क्रम टाका, ‘लाँग डिसऑर्डर’ निवडा. प्रत्येक अमिनो आम्लाला शून्य ते एक असा गुण मिळतो, ०.५च्या वर म्हणजे बिनघडीचा कल. ०.५च्या वर सलग ३० अमिनो आम्लं असतील तरच त्याला पट्टा म्हणा. मधेच चार-पाच अक्षरांची डुबकी दिसली तर ती खोडू नका, त्यावर खूण करून ठेवा. ती बहुधा जोडीदार प्रथिनाला धरण्याची जागा असते. त्याच पानावर अँकर२ चालवलं की अशा जागांचा वेगळा आलेख मिळतो.

दुसरं मत मोबीडीबीतून घ्या, तिथे अनेक साधनांचा एकत्रित निकाल असतो. तिसरं डिसप्रॉटमधून. डिसप्रॉटमध्ये भाकीत नसतं, प्रयोगाने सिद्ध झालेले पट्टे असतात, म्हणून तिथली नोंद सापडली तर तिला सगळ्यात जास्त वजन द्या.

साधनं कुठे फसवतात हे आधी माहीत असलेलं बरं. दोन-तीन हेलिक्स एकमेकांना पीळ घालून उभे असतात त्या कॉइल्ड-कॉइल पट्ट्यांना आययूप्रेड अनेकदा बिनघडीचं ठरवतं, कारण त्यांत भारित अमिनो आम्लं खूप असतात. जस्ताचा अणू किंवा डायसल्फाइड बंध धरून घडी सांभाळणारी छोटी प्रथिनंही अशीच फसवतात, कारण साधनाला जस्त दिसत नाही. आणि एकच अक्षर पुन्हा पुन्हा येणारा क्रम बिनघडीचाच असतो असंही नाही. कोलॅजेनचा क्रम अगदी एकसुरी, पण त्याचा तिहेरी पीळ घट्ट.

अल्फाफोल्डचं चित्र वाचताना

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण इथेच सगळ्यात जास्त चुका होतात.

अल्फाफोल्ड हा क्रमावरून त्रिमितीय रचनेचं भाकीत करणारा प्रोग्रॅम; २०२१ पासून त्याचा साठा सर्वांना खुला आहे. युनिप्रॉट क्रमांक टाकला की चित्र येतं. प्रत्येक अमिनो आम्लाला पीएलडीडीटी नावाचा विश्वासगुण असतो: ९०च्या वर गडद निळा, ७० ते ९० फिकट निळा, ५० ते ७० पिवळा, ५०च्या खाली नारिंगी. पी५३मध्ये मधला गाभा निळा दिसतो आणि बाजूने नारिंगी-पिवळे धागे लोंबतात. ५०च्या खालचा गुण हे बिनघडीपणाचं चांगलं लक्षण मानलं जातं.

त्या नारिंगी धाग्याचा चित्रात दिसणारा आकार मात्र खरा नाही. ‘इथे मला काही सांगता येत नाही’ हे प्रोग्रॅमने चित्राच्या भाषेत सांगितलेलं असतं. त्या धाग्यावर अंतर मोजणं, त्यात औषधाचा रेणू डॉक करणं (संगणकावर बसवून पाहणं), ‘हा लूप गाभ्याला झाकतो’ असं लिहिणं, यातलं काहीही करू नका. प्रकल्प-अहवालांत असं डॉकिंग आढळतं आणि त्यातून आलेल्या ऊर्जेच्या आकड्यांना काहीही अर्थ नसतो.

उलट बाजूचा सापळा जास्त फसवा आहे. पार्किन्सनच्या आजाराशी जोडलेलं अल्फा-सायन्युक्लीन घ्या: १४० अमिनो आम्लं, क्रमांक पी३७८४०. पाण्यात ते बिनघडीचं असतं, हे एनएमआर या चुंबकीय अनुनाद तंत्राने पक्कं झालं आहे. अल्फाफोल्ड मात्र त्याचा पुढचा मोठा भाग बऱ्यापैकी विश्वासाने हेलिक्स दाखवतं. हा हेलिक्स खोटा नाही. पेशीपटलाला चिकटल्यावर तो तसाच होतो. म्हणजे प्रोग्रॅमने जोडीदारासोबतची अवस्था दाखवली, एकटं असतानाची नाही. म्हणून आययूप्रेड ‘मोकळा’ म्हणतं आणि अल्फाफोल्ड ‘हेलिक्स’ म्हणतं असा पट्टा सापडला तर वैतागू नका. जोडीदार भेटल्यावर घडी घेणारा पट्टा असण्याची तिथेच सगळ्यात जास्त शक्यता असते, आणि प्रकल्पासाठी याहून चांगली जागा मिळणार नाही.

तांत्रिक बाब एक. उतरवलेल्या फाइलमध्ये पीएलडीडीटी हा बी-फॅक्टरच्या रकान्यात भरलेला असतो. पायमॉल या रचना दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेहमीप्रमाणे बी-फॅक्टरने रंग दिलात तर घट्ट भाग लाल आणि मोकळा भाग निळा दिसतो, म्हणजे अर्थ बरोबर उलटा. रंगक्रम उलटवून घ्या.

पीडीबी या रचनांच्या डेटाबेसमधली प्रयोगाने मिळालेली रचना असेल तर तिच्या फाइलमधला ‘रिमार्क ४६५’ हा भाग वाचा. स्फटिकात जी अमिनो आम्लं दिसलीच नाहीत त्यांची यादी तिथे असते. ही यादी आणि आययूप्रेडचा पट्टा जुळला तर पुरावा भक्कम होतो.

पट्टा करतो काय, हे शोधा

नुसतं ‘क्रमांक १ ते ६० बिनघडीचे’ म्हणून थांबलात तर प्रकल्प अर्धाच झाला. मोकळेपणाचा उपयोग काय, हे विचारा.

पी५३चंच बघा. पुढच्या टोकातला छोटा तुकडा एमडीएम२ या प्रथिनाच्या खाचेत शिरताना हेलिक्स होतो आणि फेनिलॲलनीन १९, ट्रिप्टोफॅन २३, ल्युसीन २६ ही तीन अमिनो आम्लं खाचेत रुततात. ही रचना १९९६ पासून पीडीबीत १वायसीआर नावाने आहे. जरूर उघडून पाहा. थ्रिओनीन १८वर फॉस्फेट बसला की ही पकड सैल होते. एमडीएम२ हे पी५३ला नष्ट करायला पाठवतं, त्यामुळे पकड सैल होणं म्हणजे पी५३ वाचणं. मागच्या शेपटीतला एकच तुकडा एका जोडीदारासोबत हेलिक्स होतो, दुसऱ्यासोबत बीटा-धागा, तिसऱ्यासोबत नुसता पसरलेला राहतो. घट्ट घडीच्या प्रथिनाला हे जमणार नाही.

फॉस्फेटचा मुद्दा जवळजवळ प्रत्येक आयडीआरमध्ये येतो. कायनेजला साखळी आपल्या खाचेत ओढून घ्यावी लागते आणि मोकळी साखळी सहज ओढली जाते. क्रेब या प्रथिनाच्या सेरीन १३३वर फॉस्फेट बसला की मगच त्याचा मोकळा पट्टा सीबीपी या जोडीदार प्रथिनाला धरतो आणि हेलिक्सचा आकार घेतो. आरएनए पॉलिमरेज-२ ची शेपूट तर सात अमिनो आम्लांचा एकच तुकडा माणसात ५२ वेळा, यीस्टमध्ये २६ वेळा जोडून बनली आहे. कुठल्या सेरीनवर फॉस्फेट आहे यावरून लिप्यंतरणाचा टप्पा ठरतो. तुमच्या पट्ट्यातल्या फॉस्फेटच्या जागा युनिप्रॉटच्या नोंदीतून उतरवून आययूप्रेडच्या आलेखावर टिंबांनी दाखवा. एवढ्या एका आकृतीने प्रकल्पाची पातळी बदलते.

आणखी दोन कामं थोडक्यात. केंद्रकाच्या छिद्रातली चाळणी फेनिलॲलनीन-ग्लायसीनच्या जोड्या असलेल्या मोकळ्या साखळ्यांनी बनते. आणि काही आयडीआर पेशीत तेलाच्या थेंबांसारखे वेगळे थेंब तयार करतात. आयआयटी मुंबईत समीर माजी यांच्या गटाने २०२० मध्ये अल्फा-सायन्युक्लीनचे असे थेंब पुढे घट्ट होऊन तंतू होतात हे दाखवलं. थेंबांचा विषय आकर्षक आहे, पण फक्त क्रम पाहून ‘हे प्रथिन थेंब करतं’ असा निष्कर्ष लिहू नका.

प्रयोगशाळेत: केसीन आणि अंडं

तत्त्व साधं आहे. घडीचं प्रथिन तापवलं की घडी मोडते, आतले जलविरोधी गट उघडे पडतात, ते एकमेकांना चिकटतात आणि द्राव पांढरा होतो. बिनघडीच्या प्रथिनात मोडायला घडीच नाही, म्हणून ते उकळूनही विरघळलेलं राहतं.

पिशवीतलं गाईचं पाश्चराइज्ड दूध १०० मिली घ्या, न उकळता. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून वरची साय काढा किंवा सेंट्रिफ्यूज करून स्निग्धांश काढा. ४० अंशांना कोमट करा आणि ढवळत ढवळत १० टक्के ॲसेटिक आम्ल थेंबथेंब घाला, पीएच मीटरवर ४.६ येईपर्यंत. पीएच कागद इथे पुरत नाही. फार खाली गेलात तर केसीन परत विरघळायला लागतं. दहा मिनिटं थांबा, मलमलच्या फडक्यातून गाळा, चोथा डिस्टिल्ड पाण्याने तीनदा धुवा. खाली उरलेलं हिरवट पाणी फेकू नका; ते ९० अंशांना दहा मिनिटं तापवा. त्यातली घडीची प्रथिनं साकळून पाणी गढूळ होईल.

चोथ्यातला ५ ग्रॅम १०० मिली डिस्टिल्ड पाण्यात घ्या आणि ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड थेंबथेंब घालून पीएच ७ वर आणा. घाई करून पीएच १०च्या पुढे नेऊ नका, केसीनवरचे फॉस्फेट सुटायला लागतात. तुलनेसाठी अंड्याचा पांढरा भाग एक वाटा, ०.९ टक्के मिठाचं पाणी नऊ वाटे, हलवून गाळा आणि पीएच ७ करा. केसीनच्या द्रावातही तेवढंच मीठ घाला. मीठ न घालता अंड्याचा द्राव तापवला तर तो पुरेसा पांढरा होत नाही आणि तुलना बिघडते.

दोन्ही द्राव बायुरेट पद्धतीने मोजून ५ मिग्रॅ प्रति मिली करा. ब्रॅडफर्ड वापरू नका: त्याचा रंग आर्जिनीन आणि वलययुक्त अमिनो आम्लांना चिकटतो, त्यातली वलययुक्त आयडीआरमध्ये बहुधा कमी असतात, त्यामुळे प्रथिन कमी भरतं. २८० नॅनोमीटरचं मोजमापही असंच. अल्फा-सायन्युक्लीनमध्ये एकही ट्रिप्टोफॅन नाही. बायुरेट पेप्टाइड बंध मोजतं, म्हणून ते इथे योग्य.

प्रत्येकी ५ मिली परीक्षानळीत घ्या, ९५ अंशांच्या वॉटर बाथमध्ये दहा मिनिटं ठेवा, गार करा, ६०० नॅनोमीटरला वाचन घ्या. तापवण्याआधीचं वाचन वजा करा, कारण केसीनचा द्राव मुळातच थोडा दुधी असतो. अंड्याचं वाचन उसळी मारेल, केसीनचं जवळपास तिथेच राहील.

बिघडतं कुठे? टेट्रापॅकमधलं दूध वापरलं तर हिरवट पाणी तापवून काहीच दिसत नाही, कारण ते दूध आधीच फार तापवलेलं असतं आणि त्यातली घडीची प्रथिनं मोडून केसीनसोबत चोथ्यात गेलेली असतात. बोअरचं जड पाणी वापरलं तर केसीनचा द्राव गढूळ होतो: कॅल्शियम केसीनवरच्या फॉस्फेटांना धरतं. त्याला नुसती अडचण समजू नका. वासराला कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळलेल्या रूपात पोचवणं हेच केसीनचं काम आहे, आणि मोकळी साखळी असल्यानेच ते जमतं. एका वेगळ्या नळीत मुद्दाम कॅल्शियम क्लोराइड घालून हे नोंदवा.

एसडीएस-पेजची (प्रथिनं जेलमध्ये वजनानुसार वेगळी करण्याच्या पद्धतीची) सोय असेल तर १२ टक्के जेलवर केसीन पळवा. अल्फा-एस१ केसीनचं वजन २३.६ किलोडाल्टन, बीटाचं २४. तरी हलकं अल्फा-एस१ वर राहतं आणि दोन्ही आपल्या खऱ्या वजनापेक्षा जड भासतात. जलविरोधी गट कमी, भार जास्त, म्हणून एसडीएस कमी चिकटतं आणि प्रथिन हळू पळतं. बिनघडीच्या प्रथिनांत १.२ ते १.८ पट जास्त वजन दिसणं नेहमीचं आहे. पट्टी ‘चुकीच्या’ जागी आली म्हणून जेल टाकून देऊ नका.

याच्या पुढे

उकळून टिकणं हा इशारा आहे, सिद्धता नव्हे. रायबोन्यूक्लिएजसारखी घट्ट घडीची प्रथिनंही उकळणं सोसतात. केसीन तर द्रावात पुंजके करून राहतं, एकटी साखळी म्हणून नाही. खात्रीसाठी सर्क्युलर डायक्रॉइझम (ध्रुवित प्रकाशाच्या शोषणावरून घडी ओळखण्याचं तंत्र) हवा: बिनघडीच्या साखळीचा खळगा २०० नॅनोमीटरच्या आसपास येतो, हेलिक्सचे दोन खळगे २०८ आणि २२२ला. नमुना ०.१ ते ०.२ मिग्रॅ प्रति मिली, १ मिलिमीटरची क्युव्हेट, १० मिलिमोलर फॉस्फेट बफर. ट्रिस आणि मीठ टाळा. क्लोराइड २००च्या खाली प्रकाश शोषतं आणि नेमका हवा तोच भाग दिसेनासा होतो. मीठ हवंच असेल तर सोडियम फ्लोराइड.

यासाठी पुण्या-मुंबईच्या एखाद्या संस्थेत वेळ मागावा लागेल. अर्जासोबत आययूप्रेडचा आलेख, उव्हर्स्कीचं गणित आणि जेलचा फोटो जोडा, म्हणजे नमुना तपासण्याजोगा आहे हे समोरच्याला कळतं. नमुना बर्फात न्या आणि त्यात प्रोटिएज इनहिबिटर घाला. मोकळी साखळी प्रोटिएज क्षणात तोडतात. बिनबर्फाचा नमुना घेऊन कसारा घाट उतरलात तर पोचेपर्यंत त्याचे तुकडे झालेले असतील. निघण्याआधीचा थोडा नमुना कॉलेजमध्ये गोठवून ठेवा आणि परत आल्यावर दोन्ही एकाच जेलवर शेजारी शेजारी पळवा.